उतार

बोलता बोलता माझा हात मानेकडे जातो. मला कळतही नाही. उजव्या हाताची तीन बोटं डाव्या कानाखालून निघतात, जबड्याच्या कडेनं पुढे येतात, मग मानेच्या जाड स्नायूमागून खाली उतरतात आणि हासळीच्या हाडावरच्या खळगीत क्षणभर थांबतात. मग दुसरी बाजू. समोरच्याला वाटतं, हिची मान अवघडली असेल. नवऱ्याला मात्र ठाऊक आहे. तो आपलं बोलणं न थांबवता माझा हात धरून अलगद खाली आणतो, आणि मी जणू काही झालंच नाही अशा थाटात त्याच्या बोलण्याला मान डोलावते.

औषधं बंद होऊन आता नऊ वर्षं होतील. बोटांना कुणी हे सांगितलेलं नाही.

त्यांचीही चूक नाही म्हणा. गाठ सापडली ती त्यांनाच. मी सव्वीस वर्षांची होते. डाव्या हासळीच्या वर रबरी खोडरबरासारखं काहीतरी लागलं, दाबलं तर थोडं सरकणारं. दुखत नव्हतं. दुखत नव्हतं म्हणूनच मी चार महिने त्याच्याकडे काणाडोळा केला. पुढे शिकले की लसीका ग्रंथींच्या बाबतीत न्याय उलटा असतो. हुळहुळी, दुखरी गाठ बहुतेक वेळा सर्दी-पडशाची, दातांची, घशाची निघते. संशयित असते ती गप्प बसलेली. तोवर अंगाला खाज सुटली होती, पुरळ एकही नाही आणि तरी रात्रभर खाजवत बसायचे. मग घाम सुरू झाला. उकाड्याचा घाम वेगळा. हा असा की मध्यरात्री उठून कपडे बदलावे लागत आणि चादर पिळली असती तर पाणी निघालं असतं. वजन उतरत होतं, त्याचं मला कौतुक वाटत होतं. (होय, कौतुक. तीन जणींनी ‘कशी गं बारीक झालीस?’ म्हणून विचारलं होतं आणि मी लाजून ‘चालते रोज’ असं सांगितलं होतं.)

सुईनं काढलेल्या नमुन्यावर निदान होईना. या आजारात बऱ्याचदा अख्खी गाठच काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. तशी काढली आणि कागदावर आलं: क्लासिकल हॉजकिन लिंफोमा, म्हणजे लसीका संस्थेचा कर्करोग.

‘कुठे झाला होता?’ हा प्रश्न मला अजूनही विचारतात. स्तनाचा, घशाचा, आतड्याचा, असं काहीतरी उत्तर लोकांना हवं असतं, म्हणजे बोट ठेवायला जागा मिळते. लसीका संस्थेला शाळेच्या पुस्तकात अर्धं पान मिळालं होतं, तेही परीक्षेला येत नाही म्हणून आम्ही सोडून दिलेलं. लसीका नावाचं पातळ द्रव वाहून नेणाऱ्या, साऱ्या शरीरात पसरलेल्या बारीक वाहिन्या, त्यांच्या वाटेवर जंतूंना अडवणाऱ्या पाच-सहाशे ग्रंथींच्या चौक्या, आणि हे सगळं ढकलायला हृदयासारखा पंप नाही. आपण चालतो, श्वास घेतो, हात हलवतो, त्या हालचालीच्या दाबानं लसीका पुढे सरकते. तेव्हा ‘कुठे’ या प्रश्नाला खरं उत्तर ‘पहाऱ्यावर’ असं आहे. पण असं बोललं की लोक घाबरतात. मी ‘मानेत आणि छातीत’ म्हणते.

दुसरं वाक्यही ठरलेलं असतं: ‘हॉजकिन म्हणजे त्यातल्या त्यात बरा.’ डॉक्टरांनीही सुरुवातीलाच हे सांगितलं होतं आणि ते खोटं नव्हतं. ज्या कर्करोगांत केमोनं पूर्ण बरं होता येतं, त्यांत याचा नंबर वरचा. पण सव्वीसाव्या वर्षी केसांचे पुंजके उशीवर दिसत असताना ‘तुला चांगलाच मिळालाय गं’ असं ऐकलं की लॉटरी लागल्याचे पेढे वाटावेत की काय, असं वाटायचं.

ज्याच्या नावाचा हा आजार, तो थॉमस हॉजकिन लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये शवविच्छेदन करणारा डॉक्टर. सुजलेल्या ग्रंथींच्या सात रुग्णांची नोंद त्यानं १८३२ मध्ये मांडली. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १८६५ मध्ये सॅम्युएल विल्क्सनं त्या आजाराला हॉजकिनचं नाव दिलं आणि पुढच्याच वर्षी हॉजकिन वारला. पुढे १९०२ मध्ये डोरोथी रीड या तरुण डॉक्टर बाईनं या आजाराची खूण असलेल्या पेशीची नेमकी चित्रं काढली: दोन केंद्रकं, प्रत्येकात एक गडद ठिपका, थेट घुबडाच्या डोळ्यांसारखी. माझ्या रिपोर्टात त्या पेशींचा उल्लेख वाचला आणि रात्री जालावर चित्रं शोधली. खरंच घुबड. मला मात्र त्या घुबडापेक्षा दुसऱ्याच गोष्टीनं झोप लागू दिली नाही. हॉजकिनच्या गाठीत ह्या घुबडपेशी बऱ्याचदा शंभरात एखादी असतात. बाकीचा सगळा जमाव माझ्याच शरीराच्या निरोगी पहारेकऱ्यांचा, त्या एकीभोवती गोळा झालेला आणि तिनं फितवून बसवलेला. बोटांना लागली ती गाठ म्हणजे खरं तर ही गर्दी.

तेव्हापासून स्वतःच्या शरीराबद्दल जो अविश्वास बसला, तो केमोनं गेला नाही. केमो त्यासाठी नसतोच.

केमोबद्दल फार लिहिणार नाही. ते बहुतेकांनी लिहिलेलं असतं आणि त्यात माझी भर काय. एबीव्हीडी नावाचं चार औषधांचं मिश्रण, दर पंधरा दिवसांनी एकदा, बारा वेळा. त्यातलं पहिलं, डॉक्सोरुबिसिन, लालभडक. सिस्टर मोठ्या सिरिंजमधून हातानं सावकाश सोडायच्या, आणि मग दिवसभर लघवी लाल. रुग्णालयाच्या डे-केअरमध्ये सगळे त्याला ‘लाल केमो’च म्हणायचे. त्याचा शोध इटलीतल्या एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीतल्या जिवाणूत लागला, आणि त्याचं दुसरं नाव, ॲड्रियामायसिन, ॲड्रियाटिक समुद्रावरून आलं. दुसरं ब्लिओमायसिन, तेही जपानमधल्या मातीतल्या जिवाणूकडून. तिसरं व्हिनब्लास्टिन, आणि ते सदाफुलीतून येतं. मधुमेहावर उपाय म्हणून सदाफुलीच्या पानांची तपासणी करणाऱ्या कॅनडातल्या संशोधकांना साखर कमी झालेली दिसेना, प्राण्यांच्या पांढऱ्या पेशी मात्र धडाधड कमी झालेल्या दिसल्या. १९५८ मध्ये त्यातून औषध निघालं. कुठल्याही कुंपणाशी उगवणारं, कुणी लक्ष न देणारं ते झाड. मी त्याला मनातल्या मनात नमस्कार करते आणि त्याच्यावर रागही धरते, कारण बोटांच्या टोकांतली बधिरता त्याचीच. बटणं लावायला दोन-दोन मिनिटं लागत. चौथं डाकार्बझिन, उजेडात खराब होतं म्हणून झाकून टांगलेली पिशवी, आणि शिरेत उतरताना कोपरापर्यंत जळजळ.

दोन सायकलींनंतरचा, म्हणजे चार डोसनंतरचा स्कॅन स्वच्छ आला, तेव्हा डॉक्टरांनी ब्लिओमायसिन बंद केलं. स्कॅन असा आला तर ते औषध वगळून पुढे जाता येतं आणि फुप्फुसांचं नुकसान टळतं, हे दाखवणारा मोठा अभ्यास २०१६ मध्येच प्रसिद्ध झाला होता. मी अगदी वेळेवर आजारी पडले होते म्हणायचं.

डे-केअरमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीत बहुतेक वेळा एक काकू असायच्या. साठीच्या आसपासच्या. त्यांचा लिंफोमा वेगळा, बी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींचा, झपाट्यानं वाढणारा. त्यांच्या औषधांत रिटुक्सिमॅब होतं. १९९७ साली परवानगी मिळालेलं, बी पेशींवरची एक खूण ओळखून नेमकं तिलाच जाऊन चिकटणारं. ‘माझं औषध पत्ता विचारून जातं, तुझं नुसतं बॉम्ब टाकतं,’ असं त्या म्हणायच्या. सलाईन लागलं की पिशवीतून शब्दकोड्याचं पुस्तक काढायच्या आणि पेनानं सोडवायच्या. पेन्सिल का नाही, असं विचारलं तर म्हणाल्या, ‘खोडायला वेळ कुणाला आहे?’

एकदा मी त्यांना म्हटलं, ‘काकू, हे रेमिशन, रेमिशन म्हणतात, त्याला मराठीत शब्द नाही ना?’

‘आहे की. तीन अक्षरी.’

मी विचार केला. केमोनं डोक्यात धुकं साचलेलं असायचं, साधे शब्द सापडायचे नाहीत. ‘सुटका?’

‘चूक.’

‘आराम?’

‘तोही नाही. पुढच्या वेळी सांग.’

पंधरा दिवस मी तो शब्द शोधत होते. बारा सलाइनांच्या त्या दिवसांत मनाला चघळायला मिळालेली ती एकमेव सुखाची गोष्ट. पुढच्या वेळी हार मानली तेव्हा त्या म्हणाल्या, ‘उतार. तापाला पडतो तो. आजाराला उतार पडला म्हणतात की नाही?’ आणि मग पुस्तकात डोकं घालत, मला उद्देशून की स्वतःशीच कोण जाणे, ‘चढताना दम लागतो, पण गुडघे दुखतात ते उतारावर.’

तेव्हा मला ते नुसतं चटपटीत वाटलं होतं.

शेवटच्या केमोच्या दिवशी सिस्टरनी टाळ्या वाजवल्या, आई रडली, दादानं फोटो काढला. मीही हसले. फोटोत मी हसतेच आहे. घरी येऊन झोपले आणि तिसऱ्या दिवशी दुपारी मला जे वाटलं ते अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही. सहा महिने माझ्या प्रत्येक पंधरवड्याला आकार होता. अमुक दिवशी रक्त, तमुक दिवशी काउंट, मग डोस, मग चार दिवस पडून, मग जरा बरं, मग पुन्हा रक्त. माझ्या शरीरात काय चाललंय हे कुणीतरी सतत बघत होतं. शिरेत विष जात होतं तोवर मी काहीतरी करत होते. आता कुणी काही बघणार नव्हतं. ‘तीन महिन्यांनी ये,’ एवढंच. डॉक्टर म्हणाल्या, ‘आता नॉर्मल आयुष्य जग.’ ते कसं करतात, हे विचारायचं राहिलं.

घरातल्यांचा आनंद खरा होता आणि तोच जड जायचा. सहा महिने सगळ्यांनी श्वास रोखून धरला होता, त्यांना आता तो सोडायचा होता. मी रडले तर आईच्या चेहऱ्यावर दिसायचं, ‘आता का?’ आता काय सांगणार. भीती वाटायला सवडच आता मिळाली होती. उपचार चालू असताना घाबरायला कुणाकडे वेळ असतो?

फिट्झह्यू मलन नावाच्या अमेरिकी डॉक्टरला बत्तिसाव्या वर्षी कर्करोग झाला होता. १९८५ मध्ये त्यानं लिहिलं की रुग्णांची ‘बरे झालेले’ आणि ‘न झालेले’ अशी दोनच कप्प्यांत वाटणी करणं चुकीचं आहे. जगण्याचे ऋतू असतात. निदान आणि उपचारांचा एक, उपचार संपल्यावर पुन्हा उलटेल का या धास्तीनं वाट बघण्याचा दुसरा, आणि धोका ओसरल्यावरचा कायमचा तिसरा. मला हे वाचायला मिळालं तेव्हा मी दुसऱ्या ऋतूत वर्षभर भिजत उभी होते आणि मला वाटत होतं की ही माझ्या एकटीच्याच स्वभावाची खोट आहे.

काकूंचा आजार आठ महिन्यांत उलटला. मला कळलं ते त्यांच्या मुलाच्या मोबाईलवरून आलेल्या निरोपातून: ‘कर्करोगाशी सुरू असलेली त्यांची झुंज अखेर अपयशी ठरली.’ त्या मुलाला काय दोष द्यायचा, दुःखात माणूस तयार वाक्यंच उचलतो. पण मला त्या शब्दांचा राग आला आणि तो अजून आहे. अपयशी झालं ते औषध. काकू पेनानं कोडं सोडवत होत्या. त्यांच्यापेक्षा मी धीरानं लढले म्हणून इथे बसून लिहिते आहे, असं कुणी म्हणालं तर मला शरमेनं मान खाली घालावी लागेल. माझ्या गाठीतल्या पेशी औषधाला बधल्या, त्यांच्या बधल्या नाहीत. मधल्या फरकात माझं कर्तृत्व शून्य.

युद्धाची भाषा या आजाराला चिकटली याला इतिहास आहे, तेही खरं. १९४२ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात लिंफोमाच्या एका रुग्णाला शिरेतून जे पहिलं रसायन दिलं, ते पहिल्या महायुद्धातल्या मस्टर्ड वायूचं भावंड होतं. केमोथेरपीची सुरुवातच तिथून. तेव्हा बॉम्ब, हल्ला, शत्रू हे शब्द ओघानं आले. पण रणांगण म्हणून जे वापरलं जातं त्या मातीला कुणी ‘शूर’ म्हणत नाही. मी बारा वेळा खुर्चीत बसले. टळणारं नव्हतं म्हणून बसले. त्याला धैर्य म्हणणाऱ्यांचा मान राखून मी गप्प बसते, एवढंच.

आणि आता त्या वर्षातली मुख्य गोष्ट.

उपचार संपून सात महिने झाले होते. खोकला लागला. एक आठवडा, दोन आठवडे, तीन. बोटं तोवर दिवसातून पन्नास वेळा मानेवर. खरं तर काही त्रास नसलेल्या माणसाचे वरचेवर स्कॅन काढू नयेत असंच आता मानतात. पण तीन आठवड्यांचा खोकला हा त्रासच, म्हणून डॉक्टरांनी पेट स्कॅन सांगितला.

ज्यांनी तो काढलेला नाही त्यांना सांगते. उपाशीपोटी जायचं. किरणोत्सर्गी खूण लावलेली साखर शिरेतून टोचतात. तिच्यातल्या फ्लोरिनचा किरणोत्सर्ग साधारण ११० मिनिटांत निम्मा होतो, म्हणून तिथे सगळं घड्याळावर चालतं. मग तासभर एका खोलीत नुसतं पडून राहायचं. बोलायचं नाही, फोन बघायचा नाही, हालचाल शक्यतो नाही, कारण जो स्नायू काम करेल तो साखर ओढेल आणि पडद्यावर उजळेल. अंगावर पांघरूणं घालतात. मला ती माया वाटली होती. प्रत्यक्षात कारण असं की थंडी वाजली तर मानेतली तपकिरी चरबी ऊब करण्यासाठी साखर जाळू लागते आणि नेमकी मान लख्ख दिसते. म्हणजे नुसत्या कुडकुडण्यानंही माणूस खोटा पुन्हा आजारी पडू शकतो. त्या तासाभरात माझे दोन्ही हात मी मांड्यांखाली दाबून ठेवले होते.

रिपोर्टाला गुण असतात, १ ते ५. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डोव्हिल गावात २००९ मध्ये तज्ज्ञ जमले आणि त्यांनी ही पट्टी ठरवली: यकृताच्या उजेडाशी तुलना करायची, त्याहून मंद ते बहुधा ठीक, जास्त प्रखर ते काळजीचं. शाळेत आयुष्य गेलं जास्त गुण मिळवण्यात, इथे कमी गुणांसाठी जीव टांगणीला. उपचार संपल्यावर मला १ मिळाला होता. या वेळी छातीच्या हाडामागे एक त्रिकोणी उजेड होता.

डॉक्टरांनी चित्र माझ्यासमोर फिरवलं. ‘हे बहुतेक थायमस आहे,’ त्या म्हणाल्या. ‘पण मी बहुतेक म्हणतेय. तीन महिन्यांनी पुन्हा बघू. तोवर खोकल्याचं औषध घे.’

तीन महिने. त्या तीन महिन्यांबद्दल मी काय लिहू? मी कामाला जात होते. हसत होते. मैत्रिणीच्या मुलाला गोष्टी सांगत होते. रात्री पाठीवर झोपून छातीच्या हाडावर तळहात ठेवायचे, जसा काही तो उजेड हाताला लागणार होता. त्याच काळात मी थायमसबद्दल मिळेल ते वाचून काढलं. छातीच्या हाडामागची ही ग्रंथी म्हणजे टी पेशी नावाच्या पहारेकऱ्यांची शाळा. आपलं कोण, परकं कोण हे त्या इथे शिकतात. लहानपणी मोठी असते, वय वाढेल तशी आक्रसत जाते. केमोच्या तडाख्यात ती पार सुकते, आणि तरुण माणसात संकट टळलं की पुन्हा वाढते, कधी कधी आधीपेक्षाही मोठी होते. शाळा पुन्हा भरते. ह्या भरलेल्या शाळेचा गलबला स्कॅनवर थेट उलटलेल्या आजारासारखा दिसू शकतो.

तीन महिन्यांनी उजेड ओसरला होता. थायमसच होता.

डॉक्टरांनी ‘बघ, म्हटलं नव्हतं?’ असा चेहरा केला. खोकलाही कधीच गेलेला. बाहेर आले आणि रुग्णालयाच्या पायऱ्यांवर बसून राहिले. तीन महिने मी ज्याला मरण समजून रात्रभर तळहाताखाली धरून ठेवलं होतं, ते माझं शरीर होतं, पुन्हा उभं राहणारं. आणि मला ते ओळखता आलं नव्हतं. काकूंचं गुडघ्यांबद्दलचं वाक्य तेव्हा कळलं. चढताना पुढे बघायचं असतं, उतारावर प्रत्येक पावलाला खाली बघावं लागतं, आणि प्रत्येक सुटा दगड दरडीसारखा वाटतो.

पुढची वर्षं त्या मानानं भराभर गेली. केस आले, आधी सरळ होते ते कुरळे आले, मग वर्षभरात परत सरळ झाले. सहाव्या महिन्यात नागीण झाली होती, ती मात्र केमोपेक्षा दुखली असं मी शपथेवर सांगेन. बोटांची बधिरता गेली, पायांच्या अंगठ्यांत थोडी राहिली. शब्द हरवायचे ते बरेचसे परत आले. तरी अधूनमधून ‘तो आपला हा’ म्हणत मी कपाटाकडे बोट दाखवते.

एक काम मात्र मी नेटानं केलं, आणि यातून जाणाऱ्या प्रत्येकानं करावं असं मला वाटतं. सगळ्या उपचारांचा एक पानी सारांश डॉक्टरांकडून लिहून घेतला: कोणतं औषध, एकूण किती, कोणत्या तारखांना. लाल केमो आयुष्यभरात किती घेतला याचा हिशेब राहतो, कारण हृदयाला तो विसरता येत नाही. शरीराच्या दर चौरस मीटरला ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या पुढे धोका झपाट्यानं वाढतो. माझा हिशेब ३००. तीन वर्षांपूर्वी अपेंडिक्सचं ऑपरेशन करायची वेळ आली तेव्हा मध्यरात्री तो कागद कामाला आला. भूल देणारे डॉक्टर तरुण होते. ‘पूर्वीचा काही आजार?’ असं त्यांनी पुढच्या रकान्यावर पेन ठेवूनच विचारलं. मी ‘हॉजकिन’ म्हणताच पेन थांबलं.

‘ब्लिओमायसिन घेतलं होतं?’

‘चार डोस.’

‘नक्की?’

मी कागद पुढे केला. ते घेतलेल्या माणसाला भुलेच्या वेळी गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन देताना जपतात, फुप्फुसांना इजा होऊ शकते. त्यांनी कागदाचा फोटो काढला आणि मला म्हणाले, ‘असे पेशंट असावेत.’ पोटात कळा येत असतानाही मला पहिला नंबर आल्यासारखं वाटलं. रक्त द्यावं लागलं असतं तर तेही किरणोत्सर्गाची प्रक्रिया केलेलं हवं, असं हॉजकिन झालेल्यांच्या बाबतीत ब्रिटनमधली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, आणि तिथले रुग्ण तसं कार्ड खिशात बाळगतात. माझ्या कागदावर खाली ती ओळ मी स्वतःच्या हातानं लिहून ठेवली आहे.

आजार उलटायचा असेल तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो, म्हणून मूल हवं असेल तर दोन वर्षं थांब, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आम्ही तीन थांबलो. गरोदरपणात हृदयाचा इको दोनदा झाला. दोन्ही वेळा त्या काळ्या पडद्यावर माझं हृदय उघडझाप करताना मी बघितलं आणि मला, का कोण जाणे, त्याची माफी मागावीशी वाटली.

लेक आता चार वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिला सर्दी झाली. नाक वाहणारं, घसा बसलेला, शाळा बुडवल्याचा आनंद. रात्री तिला थोपटत होते. अंधारात माझी बोटं तिच्या कानाखालून निघाली, जबड्याच्या कडेनं पुढे आली, मानेच्या स्नायूमागून खाली उतरली. आणि थांबली.

वाटाण्याएवढी. मऊ. सरकणारी. तिच्या शेजारी अजून एक, जरा लहान.

मला सगळं माहीत आहे. लहान मुलांच्या मानेत ग्रंथी हाताला लागतात, सर्दीत तर लागतातच, पहारेकरी जागे झाल्याची ती खूण. मऊ आहे, सरकते आहे, दाबल्यावर तिनं झोपेत तोंड वाकडं केलं म्हणजे दुखरी आहे. एकूण एक लक्षण चांगलं. ही उजळणी मी एका दमात केली आणि तरी माझं हृदय, ३०० मिलिग्रॅमचं, कानांत वाजत होतं. नवऱ्याला उठवलं नाही. सकाळी मुलांच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांना माझा इतिहास ठाऊक आहे, ते हसले नाहीत. म्हणाले, ‘दोन-तीन आठवडे बघू. मोठी होतेय, टणक होतेय असं वाटलं तर घेऊन या.’ आणि थोडं थांबून, ‘रोज नका बघू हं.’

मी रोज नाही बघितली. एक दिवसाआड बघितली. अठराव्या दिवशी लहान वाली सापडेना. तिला नीट शोधावी म्हणून मी संध्याकाळी लेकीला मांडीवर घेतलं आणि तीन बोटं तिच्या कानाखाली ठेवली. तिनं मान खांद्यात दाबून माझा हात अडकवला आणि खिदळत ओरडली, ‘आई, गुदगुल्या!’

मग तिनं स्वतःची चिकट बोटं माझ्या मानेवर ठेवली, बरोबर त्या व्रणाच्या जागी, आणि मला होतात का ते बघू लागली.

मला झाल्या.